जेवायला इकडे, राखणीला तिकडे

आमच्या कुत्र्याचं नाव सरकार. कुणी ठरवून ठेवलेलं नाही. सरकारने दिला म्हणून आधी सगळे ‘सरकारी कुत्रा’ म्हणायचे. उतारावरून हाक मारताना एवढं लांबलचक कोण ओरडणार, म्हणून नुसतं ‘सरकार’ राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात ‘सरकार भुंकला का?’, ‘सरकारच्या कानात गोचीड शिरलीय’ असली वाक्यं बिनदिक्कत बोलली जातात. नवा पाहुणा असला की दचकतो.

तर हा सरकार रोज जातो कुठे, हा प्रश्न मला पडला. सकाळी अंगणात ऊन आलं की स्वारी हजर. ताटली चाटूनपुसून लख्ख करायची, भिंतीला पाठ लावून डुलकी काढायची आणि ऊन कललं की गायब, ते थेट दुसऱ्या सकाळी. मला एकदा प्रश्न पडला की तो पोटात राहत नाही. माझी आई म्हणायची, या मुलीला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. असू दे. चेहऱ्यावर नाक शोभेला थोडंच दिलंय?

या वेळी मात्र नुसती हौस नव्हती. थंडी सरता सरता आमच्या वाडग्यात लांडगा शिरला आणि एक गाभण मेंढी फाडून गेला. वाडगं म्हणजे मेंढ्या कोंडायची दगडी भिंतीची जागा, घराला लागूनच. सरकारने तेव्हा तिथे असायला हवं होतं. तो नव्हता. सकाळी आला तो शेपटी हलवत, जेवायला. मी ताटली आपटली त्याच्यापुढे. त्याने तीही चाटून लख्ख केली.

आणि येत्या आठवड्यात योजनेच्या बाई तपासणीला येणार होत्या.

ही योजना काय ते सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि वरचे साहेब लोक आमचा डोंगर बहुतेक दुरूनच बघतात. मागे एका मदतीच्या वेळी विचारलं होतं, ‘गोठ्यापर्यंत ट्रॅक्टर जातो का?’ अहो, गोठ्यापर्यंत माणूस धडधाकट पोहोचला तरी आम्ही त्याला पाणी देऊन शाबासकी देतो. पण नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही, मदत येते. बर्फात चारा येतो, ढासळलेली भिंत बांधून मिळते. लांडगे वाढले, त्यांना मारायचं नाही असा नियम आला, आणि मग राखणकुत्र्यांची योजना आली. दोन महिन्यांचं पिल्लू फुकट, त्याचं खाणं, त्याची इंजेक्शनं सगळं त्यांचं. आपण त्याला मेंढ्यांत वाढवायचं. घरात घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत, चुलीजवळ झोपू द्यायचं नाही. मेंढ्या म्हणजेच आपलं गणगोत, असं त्याला वाटलं पाहिजे. वर्षाने तपासणी. कुत्रा कळपाबरोबर राहिला तर पास. नाही राहिला तर कुत्रा परत, आणि वरच्या कुरणाची परवानगीही नाही, कारण वर लांडग्यांचं राज्य. यंदापासून राखणीशिवाय कळप सोडूच देत नाहीत. वरचं कुरण गेलं की उन्हाळ्यात खाली पुरेल एवढं गवत नाही. म्हणजे निम्म्या मेंढ्या विकायच्या. आमच्या यांनी हे सगळं माझ्याआधीच ताडलं होतं, म्हणून ते गप्प होते. हे गप्प झाले की समजावं, पाणी गळ्याशी आलंय.

“तरुण कुत्रा आहे,” शेवटी हे म्हणाले. “असेल कुठे कुणीतरी.”

“या डोंगरात दुसरं कुत्रं आहे कुठे?”

“म्हणूनच लांब जात असेल.”

यांच्याकडून एवढीच मदत. मग मी स्वतःच तपासाला लागले. सकाळी सरकार जेवत असताना त्याचे पाय उचलून बघितले. पंजांना तांबडा चिखल. आमच्या बाजूची माती काळी. मानेखालच्या केसांत बोटं घातली तर लोकरीचे धागे निघाले, तपकिरी. आमच्या मेंढ्या पांढऱ्या. तांबडी माती आणि तपकिरी मेंढ्या या डोंगरावर एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण माझ्या ओट्यावरून दिसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं माझं. फरक एवढाच, की त्या कळशाकडे मी गेली कित्येक वर्षं बघत नव्हते.

घळीपलीकडे माझ्या थोरल्या दिरांचं घर आहे. मधे ओढा. दोन घरं एकमेकांच्या धुरावरून ओळखतात की पलीकडे कोण उठलं, कोण आजारी आहे. पण जाऊबाईंचा आणि माझा अबोला. कारण सांगितलं तर हसाल. सरकारी मदत डोंगरावर येते ती एकुलती एक येते. दोन घरांना मिळून गुरांच्या पाण्याची एकच टाकी मंजूर झाली होती. इंजिनिअर आला, हिंडला, आणि टाकी आमच्या बाजूला बांधून गेला. जाऊबाई म्हणाल्या, मी त्याला जेवायला घालून फितवला. घातलं होतं मी जेवायला. पण तो आधी त्यांच्याकडे जेवून आला होता, हे त्या सोयीने विसरल्या. त्यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि मग शब्दच थांबले. नंतर कुत्र्याचं एकच पिल्लू आलं, दोन्ही घरांचे अर्ज होते, चिठ्ठी आमची निघाली. म्हणजे आगीत तेलच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आम्ही दोघींनी तोंडच मिटून घेतलं.

त्या दिवशी ऊन कललं, सरकार उठला, अंग झाडलं आणि घळीकडे निघाला. मी त्याच्या मागे. तो चोरून जात नव्हता, हे मला फार लागलं. चांगला नोकरीवर निघालेल्या माणसासारखा चालला होता, मागे वळूनही बघत नव्हता. ओढ्यातल्या दगडांवरून टणाटण उड्या मारत तो पलीकडे पोहोचला. मी एकदा घसरले आणि गुडघ्यापर्यंत भिजले. कित्येक वर्षांनी त्या दगडांवर पाय ठेवत होते. शेवाळ वाढलं होतं.

पलीकडची चढण मी वाकून चढले आणि जाऊबाईंच्या वाडग्याच्या भिंतीमागे बसले. भिंतीत एक दगड निसटलेला, त्यातून आतलं छान दिसत होतं. सरकार आत गेला तर एकही मेंढी बुजली नाही. उलट सहा-सात मेंढ्या कळपातून बाहेर आल्या आणि त्याच्याभोवती जमल्या. एक त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून रवंथ करू लागली. तिचा डावा कान फाटका होता.

तो कान मी ओळखला. तो कान माझ्या गोठ्याच्या दारात चेमटून फाटला होता आणि मीच त्याला औषध लावलं होतं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. मेंढ्या व्यायल्या आणि एखाद्या घरच्या मेंढ्यांना कासेची सूज आली, दूध आटलं, तर कोकरं शेजारच्या घरी नेऊन सोडायची. ते घर त्यांना आपल्या मेंढ्यांचं दूध पाजून वाढवतं. गवत खायला लागली की परत. दुधाची कोकरं म्हणतात त्यांना. किती आणली, किती पाजलं, कुणी मोजत नाही. आभार मानायची तर पद्धतच नाही, परत दिलेल्यांवर पुन्हा हक्कही सांगायचा नाही. आणि भांडण असलं तरी नाही म्हणायचं नाही. अबोला माणसांचा असतो, कोकरांचा नसतो. गेल्या वर्षी जाऊबाईंच्या मेंढ्यांना सूज आली तेव्हा थोरल्या भाऊजींनी टोपलीत घालून कोकरं आणली, आमच्या कुंपणाशी ठेवली, खाकरले आणि निघून गेले. मी ती छोट्या गोठ्यात ठेवली, बाटलीने पाजली. त्याच आठवड्यात सरकार आला, मुठीएवढा. पिल्लू मेंढ्यांत ठेवा, असं योजनेत सांगितलेलं. मोठ्या मेंढ्या तुडवतील म्हणून मी त्याला शहाणपणाने छोट्या गोठ्यात, त्या कोकरांत ठेवलं. अडीच महिने ती सगळी एका ढिगात झोपली. मग गवत आलं आणि रीतीप्रमाणे आम्ही कोकरं ओढ्याशी नेऊन सोडली. पिल्लू चार दिवस रडलं. मी म्हटलं, आईची आठवण येत असेल.

उन्हाळाभर दोन्ही कळप वरच्या कुरणावर शेजारी शेजारी चरत होते, तेव्हा काही कळलं नाही. थंडीला कळप आपापल्या बाजूला उतरले आणि सरकार आपल्या माणसांकडे, म्हणजे आपल्या मेंढ्यांकडे, गेला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय म्हणून मी त्याला शिव्या देत होते. त्याच्या लेखी लष्करच घर होतं.

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं, आणि दोन्ही दाबायच्या नादात मी शिंकले.

“ओढ्यात भिजलीस वाटतं,” भिंतीवरून आवाज आला.

जाऊबाई हातात चाऱ्याचा भारा घेऊन उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि मी भिंतीमागे उकिडवी.

“वहिनी, हा कुत्रा...”

“येतो. मी बोलावत नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“डोळे आहेत मला. माझी या थंडीत एकही मेंढी गेली नाही.”

“माझी गेली.”

त्यांनी भारा खाली ठेवला. “ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “एक सांगते. मी त्याला एक तुकडासुद्धा घातलेला नाही. खायला घालून फितवायची सवय मला नाही.”

टाकी अजून तिथेच होती म्हणजे. माझं डोकं तापलं, पण काम माझं अडलं होतं. “तपासणी आहे. त्या सहा-सात मेंढ्या चार दिवस माझ्याकडे राहू द्या. त्या असल्या की तो हलणार नाही.”

“म्हणजे तपासणारीला फसवायचं आणि चार दिवस मला लांडग्याच्या तोंडी द्यायचं. आणि दुधाची कोकरं परत मागतेस? रीत विसरलीस?”

रीत मी विसरले नव्हते. मी उतरले, ओढ्यात पुन्हा घसरले आणि घरी आले. यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे कुत्रा हुशार आहे.” एवढ्यावर जेवले आणि झोपले.

योजनेच्या बाई ठरल्या दिवशी सकाळी आल्या. गाडी खाली सोडून चढून आल्या होत्या आणि धापा टाकत नव्हत्या, हे मी मनात नोंदवलं. जनावरांच्या डॉक्टर. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, आणि डोळे माझ्यासारखेच, सगळीकडे फिरणारे. सरकारला जेवताना पाहून खूश झाल्या. दात बघितले, पाय बघितले. “आता कळप सोडा,” म्हणाल्या, “मी त्या खडकावर बसते. आपण कुणी काही करायचं नाही.”

त्याला बांधून ठेवायचं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण बांधलेला कुत्रा राखण करतोय असं आंधळाही म्हणणार नाही. आम्ही कळप उतारावर सोडला. ऊन कललं. सरकार उठला, अंग झाडलं, आमच्या पांढऱ्या मेंढ्यांच्या मधून, एकीलाही धक्का न लावता, निघाला. बाईंची दुर्बीण त्याच्या मागे मागे घळीत उतरली आणि पलीकडे चढली.

“तो गेला कुठे?” बाईंनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि असं कुणी विचारलं की माझ्याच्याने खोटं बोलवत नाही. मी सगळं सांगितलं. कोकरं, छोटा गोठा, फाटका कान. त्या मधे मधे विचारत होत्या: पिल्लू कोकरांच्या अंगावर झोपायचं की शेजारी? कोकरं गेल्यावर खाणं सोडलं होतं का? शेवटी म्हणाल्या, “मला बघायचंय.” आणि आम्ही तिघं ओढ्यात उतरलो. या खेपेला बाई घसरल्या.

जाऊबाईंच्या वाडग्यात सरकार आपल्या मेंढ्यांत पसरला होता, जाऊबाई दारात उभ्या होत्या. बाई भिंतीला टेकून किती तरी वेळ बघत राहिल्या. मग वळून मला म्हणाल्या, “तुमचा कुत्रा नापास नाही. त्याला ज्या मेंढ्या दिल्या, त्याच तो राखतोय. चूक तुमची झाली.”

“मग?”

“मग कुत्रा इथेच राहील. या घराच्या नावावर करते. यांचाही अर्ज होताच.” त्यांना माझ्याकडे बघवेना. “कुरणाची परवानगी कुत्र्याबरोबर जाते. माझ्या हातात नाही ते.”

बोलल्या ते बरोबरच होतं. यांनी खाली मान घातली. मला मेंढ्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण मनात आलं ते भलतंच: उद्या सकाळी ताटली कुणापुढे ठेवू? मी जाऊबाईंकडे बघितलं. टाकी आम्हाला मिळाली होती, कुत्रा आता त्यांना. फिट्टंफाट. त्यांच्या जागी मी असते तर दारात रांगोळी काढली असती.

जाऊबाई पदराने हात पुसत होत्या. कोरडेच होते ते हात.

“मला कुत्रा नको,” त्या म्हणाल्या.

“का?” बाईंनी विचारलं.

“तो माझ्या हातचं खात नाही.”

मी वर बघितलं.

“घालून बघितलं मी,” जाऊबाई बाईंशी बोलत होत्या, पण आवाज माझ्यासाठी होता. “थंडी पडल्यापासून रोज घालतेय. दूध घातलं, मांसाचा तुकडा घातला. वास घेतो आणि तोंड फिरवतो. सकाळ झाली की उठतो आणि हिच्याकडे जातो. राखण इथे करेल, पण उपाशी मरेल. माझ्या नावावर मेलेला कुत्रा काय कामाचा?”

एक तुकडासुद्धा घातला नाही म्हणणाऱ्या जाऊबाईंनी परक्या माणसापुढे, माझ्यापुढे, हे सांगितलं होतं. गप्प राहिल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत कुत्राही त्यांचा आणि कुरणही त्यांचं होतं. उपाशी राहिला असता चार दिवस. भुकेपुढे कुठला कुत्रा किती दिवस मानी राहतो? हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बाईंनी डोकं खाजवलं. “असं मी अजून बघितलेलं नाही. खातो एका घरी, राहतो दुसऱ्या कळपात. मला एक घर आणि एक कळप लागतो.”

“मग एक करा,” जाऊबाई म्हणाल्या. “दोन्ही कळप मिळून एक लिहा. वर कुरणावर एकच वाडगं घालू. पांढऱ्या-तपकिरी काय, बाहेरून लोकर निराळी, आत दूध एकच आहे. अर्ध्या तर हिच्याच दुधाच्या.”

अर्ध्या नव्हत्या, सहा-सातच होत्या. पण मोजायचं नसतं.

“आणि खाली उतरल्यावर?” बाईंनी विचारलं. “त्याने कळप सोडायचा नाही, मग खाणं रोज इकडे कोण आणणार?”

“सगळ्या मेंढ्या इथेच कोंडू, खाणं ही आणेल. ओढा ओलांडता येतो हिला. भिंतीमागे लपताही येतं.”

बाई हसल्या, हे हसले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते अडवलं नाही. बाईंनी तिथेच भिंतीवर कागद ठेवून लिहिलं आणि थोरल्या भाऊजींना हाक मारून दोन्ही भावांची सही घेतली. दोघे भाऊ खाकरले. बाई उतरायला लागल्या तेव्हा सरकारने एकदा भुंकून त्यांना निरोप दिला, त्याची नोकरी पक्की झाली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दुसऱ्या सकाळी तो यायच्या आतच मी ताटली घेऊन निघाले. ओढ्यातल्या दगडांवरचं शेवाळ कुणीतरी खरवडून काढलं होतं. पलीकडच्या बाजूने, निम्म्यापर्यंतच. निम्मे दगड माझ्यासाठी ठेवले होते. जाऊबाई वाडग्याच्या दारात शेण काढत होत्या. मी ताटली ठेवली, सरकारने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि खायला लागला. जाऊबाई खराट्यावर टेकून बघत राहिल्या. ताटली लख्ख झाली.

“त्याचं झालं,” त्या म्हणाल्या. “तू खाल्लंस का काही?”

मी घरून भरपेट खाऊन निघाले होते.

“नाही,” मी म्हटलं.